भेक, बँक आणि केनेथ ग्रॅहम

इंग्लंडमध्ये मुलं वाढवणाऱ्या मराठी घरांत 'द विंड इन द विलोज' हे पुस्तक कधी ना कधी येतंच. शाळेच्या बुक फेअरमधून येतं, चॅरिटी शॉपमधून पन्नास पेन्सला येतं, नाहीतर शेजारच्या आजीबाई मुलाच्या वाढदिवसाला देतात. नदीकाठी राहणाऱ्या चार मित्रांची ही गोष्ट. मोल, पाणउंदीर, बॅजर आणि मिस्टर टोड. पहिले तिघे तसे शहाणे. चौथा श्रीमंत, बढाईखोर आणि मोटारींच्या नादापायी तुरुंगात जाऊन आलेला. ही गोष्ट रात्री मराठीतून सांगायला बसलं की पहिली पंचाईत या चौथ्यापाशीच होते. आपण म्हणतो बेडूकराव, आणि इथल्या शाळेत जाणारं पोर लगेच सांगतं की टोड म्हणजे फ्रॉग नव्हे.

पोराचं बरोबर असतं. मराठीतही टोडला स्वतंत्र शब्द आहे, भेक. पण तो राहिला शब्दकोशात आणि जीवशास्त्राच्या पुस्तकात. रोजच्या बोलण्यात आपले सगळेच बेडूक. आठवून बघा, गावच्या घरी पावसाळ्यात पडवीतल्या दिव्याखाली किडे खायला येऊन बसणारा, अंगभर खडबडीत फोड असलेला, केरसुणी दाखवली तरी ढिम्म न हलणारा जो असतो ना, तो भेक. आणि शेतात साचलेल्या पाण्यात रात्रभर डरांव डरांव करणारा, पाऊल वाजलं की टुणकन उडी मारून पसार होणारा तो बेडूक.

मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट. मुक्काम पोस्ट रेडिंग, आणि बरीचशी कामं बँकांची. मिस्टर टोडला जन्म देणाऱ्या केनेथ ग्रॅहमने जवळजवळ तीस वर्षं बँकेत नोकरी केली, हे कळल्यावर मला या माणसाबद्दल आपुलकी वाटू लागली. त्याची चरित्रं मिळवून वाचली आणि वाचता वाचता लक्षात आलं की त्याचं आयुष्य समजून घ्यायचं तर आधी भेक आणि बेडूक यांतला फरक समजून घ्यायला हवा. म्हणून आधी थोडं प्राणिशास्त्र.

आमच्या कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर बेडूक हा मोठा क्लास आणि भेक हा त्यातला एक सबक्लास. प्रत्येक भेक हा बेडूकच असतो, पण प्रत्येक बेडूक भेक नसतो. शेपूट नसलेल्या सगळ्या उभयचर प्राण्यांना शास्त्रज्ञ एकाच गणात घालतात आणि त्यातल्या ब्युफोनिडी नावाच्या कुळाला खरे भेक म्हणतात. जगभर पाहिलं तर मधल्यामधले इतके प्रकार सापडतात की नेमकी सीमारेषा ओढणं अवघड होतं. ब्रिटनमध्ये मात्र मूळच्या जाती इतक्या मोजक्या आहेत की लहान मुलालाही ओळख पटते. कॉमन फ्रॉगची कातडी गुळगुळीत आणि ओलसर, डोळ्यामागे गडद पट्टा, मागचे पाय लांब. कॉमन टोडची कातडी कोरडी, फोडाफोडांची, पाय आखूड, डोळे तांब्याच्या रंगाचे आणि चाल एखाद्या निवृत्त मामलेदाराची. उडी मारलीच तर एवढीशी, एरवी तो चक्क चालतो. पळता येत नाही म्हणून निसर्गाने त्याला डोळ्यांमागे विषाच्या ग्रंथी दिल्या आहेत. कुत्र्याने एकदा तोंडात धरला की तो पुन्हा धरत नाही. साप समोर आला तर टोड अंगात हवा भरून फुगतो आणि चारही पायांवर उंच होतो. बैलाएवढं होण्यासाठी फुगत गेलेल्या बेडकीची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. फुगण्याचा हा गुण मिस्टर टोडमध्ये पुरेपूर उतरलाय. टोडला हात लावला की चामखीळ येते अशी इथली जुनी समजूत आहे, ती मात्र खोटी. हात धुतले की झालं.

अंड्यांतही फरक. फ्रॉगची अंडी म्हणजे शिजवलेल्या साबुदाण्याचा गोळा. टोडची अंडी लांबलचक दोऱ्यांत ओवल्यासारखी, पाण्यातल्या झाडांभोवती गुंडाळलेली. पण सगळ्यांत मोठा फरक आहे तो स्वभावात. फ्रॉगला नवीन जागा चालते. शेजाऱ्याने बागेत छोटंसं तळं खणलं की एक-दोन वर्षांत तिथे त्याची अंडी दिसायला लागतात. टोडला जुनं, मोठं, खोल तळं लागतं आणि बहुतेक वेळा ज्या तळ्यात तो स्वतः जन्मला तेच लागतं. एरवी वर्षभर तो पाण्यापासून लांब, झाडीत, दगडाखाली, कुणाच्या तरी बागेतल्या पालापाचोळ्यात राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये थंडी थोडी कमी झाली आणि पाऊस पडला की अंधार पडल्यावर तो निघतो. वाटेत शेत येवो, भिंत येवो, नाहीतर हमरस्ता येवो, त्याची दिशा बदलत नाही.

पुस्तकातला मिस्टर टोड घर सोडून सदान्‌कदा उंडारणारा, खरा टोड जन्माच्या पाण्याकडे परत जाणारा. आणि ग्रॅहम स्वतः? तो मला या दुसऱ्या जातीचा वाटतो.

केनेथ ग्रॅहमचा जन्म ८ मार्च १८५९चा, एडिंबरामधला. वडील वकील. पुढे त्यांना आर्गाइल परगण्यात न्यायाधीशाची जागा मिळाली आणि बिऱ्हाड स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलं. १८६४ साली चौथ्या मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई स्कार्लेट फीव्हरने गेली. केनेथ तेव्हा पाच वर्षांचा. तोच ताप त्यालाही आला आणि तो जेमतेम वाचला. वडिलांनी दारू जवळ केली. चारही भावंडांची रवानगी आजोळी झाली. आजी राहत होती बर्कशायरमधल्या कुकम डीन या खेड्यात. मेडनहेड-स्लाऊ भागात राहणाऱ्या आपल्या मंडळींना कुकम माहीत असेलच, कारण उन्हाळ्यात पाहुण्यांना थेम्स दाखवायला आपण तिथेच नेतो.

आजीचं घर मोठं, त्याला बाग आणि फळझाडं होती, आणि टेकडी उतरली की नदी. आजी शिस्तीची होती, फार लाड करणारी नव्हती. पण कुकमच्या चर्चमध्ये नोकरीला असलेला मामा मुलांना होडीतून नदीवर नेई. आई गेलेली, वडील असून नसल्यासारखे, अशा वेळी या पोराने नदी धरून ठेवली. चार ते सात या वयातलं आपल्याला सगळं आठवतं, असं तो पुढे म्हणत असे. कुकम डीनचं ते सुखही दोनच वर्षांचं. घराचं धुराडं कोसळलं, आजीने घर बदललं. १८६६मध्ये वडिलांनी मुलांना परत बोलावलं, वर्षभरात प्रयत्न फसला आणि वडील नोकरी सोडून फ्रान्सला निघून गेले. तिथे ल हाव्र गावी ते वीस वर्षं एकटे राहिले. १८८७मध्ये ते वारल्यावर केनेथच सगळं आवरायला तिकडे गेला.

नऊ वर्षांचा असताना, १८६८ साली, त्याला ऑक्सफर्डच्या सेंट एडवर्ड्स शाळेत घातलं. मुलगा हुशार निघाला, शाळेच्या रग्बी संघाचा कप्तान झाला. गावभर पसरलेल्या त्या जुन्या दगडी कॉलेजांच्या तो प्रेमात पडला. पुढे तिथेच शिकायचं हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. पण खर्च काकांच्या हातात होता आणि काकांना विद्यापीठ म्हणजे पैशाची उधळपट्टी वाटत होती. मुलाने कमवायला लागावं हे त्यांचं सरळ गणित. आपल्यापैकी किती जणांना आर्ट्सला जायचं होतं आणि किती जण इंजिनिअरिंगला गेले, हे आठवलं की या काकांची ओळख वेगळी करून द्यायला नको. १ जानेवारी १८७९ रोजी, विशीही न गाठलेला केनेथ बँक ऑफ इंग्लंडमध्ये कारकून म्हणून रुजू झाला.

नोकरी त्याने चोख केली. पण शनिवार-रविवार आला की लंडन सोडून थेम्सच्या काठाने आणि बर्कशायरच्या टेकड्यांवरून मैलोन्‌मैल चालत सुटायचं. लिहिण्याचा नादही लागला. १८९५ साली 'द गोल्डन एज' आणि १८९८ साली 'ड्रीम डेज' ही पुस्तकं निघाली. आईबापांविना वाढणाऱ्या भावंडांच्या या गोष्टी, लहान मुलांच्या डोळ्यांनी मोठ्यांचं जग दाखवणाऱ्या. त्या खूप गाजल्या. त्याच १८९८ साली तो बँक ऑफ इंग्लंडचा सेक्रेटरी झाला, म्हणजे बँकेच्या अगदी वरच्या अधिकाऱ्यांपैकी एक. वय ३९. आजच्या भाषेत सीनियर मॅनेजमेंट.

पुढच्याच वर्षी, जुलै १८९९मध्ये, त्याने एल्स्पेथ थॉमसनशी लग्न केलं. इथे एक योगायोग सांगायलाच हवा. एल्स्पेथचे वडील रॉबर्ट विल्यम थॉमसन म्हणजे हवा भरलेल्या टायरचा पहिला शोधक. डनलॉपचं नाव आपल्याला माहीत असतं, पण थॉमसनने १८४५ सालीच पेटंट घेतलं होतं, डनलॉपच्या चाळीसेक वर्षं आधी. तेव्हा मोटारीच नव्हत्या, त्यामुळे शोध मागे पडला. जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध मोटारवेड्या प्राण्याला जन्म देणारा लेखक टायरच्या शोधकाचा जावई होता.

१२ मे १९०० रोजी त्यांना मुलगा झाला, ॲलिस्टर. पूर्ण दिवस भरण्याआधीच जन्मलेला. एका डोळ्याने अजिबात दिसत नव्हतं, दुसरा तिरळा. घरात त्याला माउस म्हणत. हे एकुलतं एक मूल अलौकिक आहे अशी आईची ठाम समजूत झाली आणि वडिलांनी ती खोडून काढली नाही. मुलगा चुणचुणीत होता, बोलका होता, आणि हट्टीही. लंडनमध्ये राहत असताना येणाऱ्या मोटारीसमोर रस्त्यात आडवं पडायचं आणि ती थांबवायची, हा त्याचा आवडता खेळ असल्याचं चरित्रांत येतं.

बँकेत असतानाच, नोव्हेंबर १९०३मध्ये, एका माथेफिरूने ऑफिसात शिरून ग्रॅहमवर पिस्तूल झाडलं. एकही गोळी लागली नाही. त्याला शेवटी आग विझवायच्या पाण्याच्या झोताने आवरावं लागलं. ग्रॅहम वाचला, पण बँकेवरचं त्याचं मन उडालं ते उडालंच. १९०६ साली त्याने कुटुंबासह लंडन सोडलं आणि राहायला कुठे गेला असेल? कुकम डीनला. चाळीस वर्षांनी, आजीच्या त्याच खेड्यात, त्याच नदीकाठी. बँकेत जायला रोजची ट्रेन. सातचाळीसाव्या वर्षी टोड आपल्या तळ्यावर परत आला होता.

माउसला झोपताना गोष्ट सांगायचा पाठ आधीपासून चालू होता. १९०७च्या उन्हाळ्यात मुलगा गव्हर्नेसबरोबर समुद्रकाठी लिटलहॅम्प्टनला गेला आणि आईवडील दुसरीकडे. गोष्टीत खंड नको म्हणून ग्रॅहमने ती पत्रांतून पाठवायला सुरुवात केली. सोमवारी सकाळी बॅग घेऊन क्लायंटच्या गावी जाणाऱ्या आणि हॉटेलच्या खोलीतून फोनवर पोराला गोष्ट सांगणाऱ्या माझ्यासारख्या बापांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मे ते सप्टेंबर अशी पंधराएक पत्रं गेली. तुरुंगातून धोबिणीच्या वेषात पळालेला टोड आधी या पत्रांत अवतरला. पत्रं जपून ठेवली गेली म्हणून पुस्तक झालं. ती आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत.

टोडच का, फ्रॉग का नाही? याचं उत्तर ग्रॅहमने दिल्याचं माझ्या वाचनात नाही. पण मला वाटतं, फ्रॉगची गोष्टच झाली नसती. तो संकट दिसताच उडी मारून गेला असता. टोडला वजन आहे, पोट आहे, डुलत डुलत चालणं आहे, फुगणं आहे. त्याला मोटारीत बसवलं की मजा येते, कारण या जातीला वेग हा प्रकारच ठाऊक नाही. त्या वेळी मोटारी नव्या होत्या. १९०३च्या कायद्याने वेगमर्यादा ताशी २० मैल केली, १ जानेवारी १९०४पासून गाड्यांना नंबर प्लेट आल्या. धूळ उडवत, कोंबड्या चिरडत जाणाऱ्या श्रीमंतांचा खेड्यातल्या लोकांना राग होता. ग्रॅहमने तो राग टोडच्या अंगावर घातला आणि तरी टोडला लाडका ठेवला. त्याचा टोड मोटार चोरतो, बेफाम हाकतो आणि पोलिसांशी उद्धटपणा करतो. शिक्षा मोजताना कोर्टाचा कारकून चोरीला एक वर्ष, बेफाम हाकण्याला तीन आणि उद्धटपणाला पंधरा वर्षं लावतो आणि कमी पडायला नको म्हणून एकूण वीस करायला सांगतो. हा हिशोब बँकेतल्या माणसाचाच!

टोडचे मित्र मात्र त्याला सोडत नाहीत. त्याला रागावतात, कोंडून ठेवतात, आणि शेवटी त्याचं बळकावलेलं घर परत मिळवून देतात. बढाईखोर, हट्टी, आणि तरीही सगळ्यांना हवाहवासा असा हा टोड माउसवरून बेतला असावा, असं अनेक चरित्रकारांना वाटतं. घरापासून दूर असलेल्या हट्टी मुलाला बाप या गोष्टीतून काय सांगत होता, हे मग दिसायला लागतं.

१९०८च्या जूनमध्ये त्याने बँकेचा राजीनामा दिला आणि ऑक्टोबरमध्ये 'द विंड इन द विलोज' प्रसिद्ध झालं. आधीच्या प्रकाशकाने हस्तलिखित नाकारलं होतं. शेवटी मेथ्यूएन कंपनीने छापलं, तेही आगाऊ रक्कम न देता. समीक्षकांना काय करावं ते कळेना. टाइम्सच्या परीक्षकाने तर प्राणिशास्त्राच्या दृष्टीने यात काहीच नाही असा शेरा मारला! लोकांना मात्र पुस्तक आवडलं. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ साली मुद्दाम पत्र पाठवून आपलं आणि घरच्यांचं प्रेम कळवलं. १९२९मध्ये ए. ए. मिल्न यांनी टोडवर नाटक केलं, १९३१मध्ये ई. एच. शेपर्ड यांनी चित्रं काढली आणि आज आपण पाहतो तो टोड घरोघरी पोचला. टोडचा वाडा म्हणजे नेमका कुठला, यावर थेम्सकाठच्या बऱ्याच हवेल्यांचा दावा आहे. आमच्या रेडिंगजवळच्या मेपलडरहॅमचं नाव त्यात नेहमी येतं.

इथपर्यंत ही यशाची गोष्ट वाटते. पुढचं वाचताना मला जड गेलं, पण ते टाळून चालणार नाही.

स्वतःला ऑक्सफर्डला जाता आलं नाही, तेव्हा मुलाने जायचं, हे घरात ठरलेलंच होतं. १९१४मध्ये ॲलिस्टरला रग्बी या नामांकित शाळेत घातलं. सहा आठवड्यांत तो परत आला. मग ईटन. तिथेही तो रुळला नाही आणि खासगी शिक्षक ठेवावा लागला. १९१८मध्ये ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात प्रवेश झाला. डोळ्यांना वाचन झेपत नव्हतं, मित्र जमले नाहीत, परीक्षेत नापास झाला. ७ मे १९२० च्या रात्री कॉलेजात जेवून तो बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्ट मेडो भागातल्या रेल्वे रुळांवर त्याचा मृतदेह सापडला. चौकशीत अपघाती मृत्यू अशी नोंद झाली. जखमा पाहता तो अपघात नव्हता, असं बऱ्याच चरित्रकारांचं मत आहे. १२ मे रोजी, त्याच्या विसाव्या वाढदिवशी, त्याला ऑक्सफर्डच्या होलीवेल दफनभूमीत पुरलं.

यात मुलाचं वाईट कुणीच चिंतलं नव्हतं. बापाने मुलासाठी चांगल्यात चांगलं तेच शोधलं होतं. पण ते तळं बापाचं होतं. ऑक्सफर्डची ओढ ग्रॅहमच्या लहानपणातून आली होती, मुलाच्या नाही. स्लाऊ, रेडिंग भागात ग्रामर स्कूलच्या परीक्षांसाठी आपल्या मुलांच्या शनिवार-रविवारच्या ट्यूशन चालू असतात, तेव्हा मला हे आठवतं. आणि दुसरीही गोष्ट आठवते. आपलं तळं सांगली-साताऱ्याकडे, नाशिककडे, रत्नागिरीकडे आहे. आपल्याला ओढ लागते ती तिकडची, आणि ती खरी आहे. पण इथे जन्मलेल्या आपल्या मुलांचं तळं इथलं आहे. टोडचा नियम आपल्याला लावायचा तर त्यांनाही लावायला हवा. आपलं तळं त्यांना प्रेमाने दाखवावं, त्यातली माणसं, भाषा, सणवार द्यावेत. तेच त्यांचंही असलं पाहिजे हा हट्ट मात्र धरू नये, असं मी तरी ठरवलं आहे. घरात याबद्दल अजून एकमत नाही, हेही सांगून टाकतो.

मुलाच्या मृत्यूनंतर ग्रॅहम दांपत्य इटलीला जाऊन राहिलं. १९२४मध्ये दोघं परत आली ती पँगबर्नला, म्हणजे पुन्हा थेम्सच्या काठी. ग्रॅहमने नंतर फारसं काही लिहिलं नाही. ६ जुलै १९३२ रोजी तो गेला. आधी पँगबर्नला आणि नंतर होलीवेलला हलवून मुलाच्या थडग्यात त्याला विसावा मिळाला. पुस्तकांचं उत्पन्न त्याने मृत्युपत्रात बॉडलियन ग्रंथालयाला दिलं. ज्या विद्यापीठाने त्याला विद्यार्थी म्हणून पाहिलं नाही, त्याला मिस्टर टोड पैसे पाठवत राहिला.

आता खऱ्या टोडचं पुढे काय झालं ते सांगतो. गोष्टीतला टोड मोटारीत बसला, खरे टोड मोटारीखाली गेले. तळ्याकडे निघालेला टोड रस्ता ओलांडतो तोही चालत, आणि मधेच थांबून. फ्रॉगलाइफ या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे ब्रिटनच्या रस्त्यांवर दर वर्षी २० टन टोड चिरडले जातात. शेताकडेची जुनी तळी बुजली, झाडी कमी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीसेक वर्षांत कॉमन टोडची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटल्याचं दिसून आलं. हा अभ्यास कशावर झाला? रात्री बादल्या घेऊन टोडना रस्ता ओलांडून देणाऱ्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींवर. ब्रिटनमधला टोडसाठीचा पहिला भुयारी मार्ग १९८७ साली झाला तो हेन्लीजवळच्या हॅम्बल्डनला. कुकम डीनपासून गाडीने अर्धा तासही लागत नाही. ग्रॅहमने टोडला मोटार दिली, त्याच खोऱ्यातल्या लोकांनी ऐंशी वर्षांनी मोटारींखालून वाट काढून दिली.

मागच्या मार्चमध्ये मुलीला घेऊन मीही अशा एका टोड पेट्रोलला गेलो. पिवळी जॅकेटं, टॉर्च, हातमोजे, बादली. बहुतेक मंडळी निवृत्त, आम्ही दोघंच देशी. टिपटिप पाऊस होता. दोन तासांत आमच्या बादलीत सतरा टोड आणि तीन फ्रॉग जमले. भेक आणि बेडूक यांतला फरक त्या रात्री जसा कळला तसा पुस्तकात कळला नसता. फ्रॉग सारखे उड्या मारून बादलीबाहेर, आणि टोड तळाशी शांत बसलेले, लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाल्यासारखे. नर हातात धरला की बारीक आवाजात कुइक-कुइक करून तक्रार करतो. मादीच्या पाठीवर बसून फुकट प्रवास करणारे महाभागही बरेच. तळ्याच्या बाजूला बादली तिरकी केली की एकेक जण उतरतो आणि मागे न बघता पाण्याकडे चालू लागतो.

तुम्हालाही जायचं असेल तर फार काही लागत नाही. आपल्या भागात पेट्रोल आहे का ते फ्रॉगलाइफकडे विचारता येतं, आणि लहान मुलांना मोठ्यांबरोबरच न्यावं, कारण काम अंधाऱ्या रस्त्यावरचं असतं. तेवढं जमलं नाही तरी फेब्रुवारी-मार्चच्या ओल्या संध्याकाळी लाल त्रिकोणात टोडचं चित्र असलेली पाटी दिसली की गाडी हळू करा.

आणि यंदा हिवाळ्यात पुस्तक काढलंत तर टोडच्या आधी पाचवं प्रकरण वाचा. त्यात टोड नाही, मोल आहे. बर्फातून मित्राबरोबर चालताना त्याला अचानक आपल्या सोडून आलेल्या घराचा वास येतो आणि तो रस्त्यातच रडू लागतो. मित्र परत फिरतो, दोघं मिळून ते घर शोधतात, धूळ झटकतात, चूल पेटवतात, एक रात्र तिथे राहतात. सकाळ झाल्यावर मोलला परत नदीकाठी जायचं असतं, नव्या घरी. हे प्रकरण मोठ्याने वाचायला साधारण अर्धा तास लागतो. आवाज जड होण्याची तयारी ठेवून वाचावं.